‘हल्ली दिसत नाहीस’: महागाई आधी माणसं कापते

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. टीममधल्या एकाचं प्रमोशन झालं होतं, म्हणून रात्री बाणेरला जेवायला जायचं ठरत होतं. हॉटेल त्यानेच निवडलं होतं. बिल मात्र टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. खाली एकामागोमाग अंगठे पडत गेले. मी मोबाईलवर त्या हॉटेलचं मेन्यूकार्ड उघडलं आणि हिशेब केला. माणशी आठशेच्या खाली काही सुटत नव्हतं. रात्री बस मिळण्याची खात्री नव्हती, म्हणजे परतीच्या रिक्षाचे अडीचशे वेगळे. महिन्याची बावीस तारीख होती आणि त्याच सकाळी मी धाकट्या भावाच्या आयटीआयच्या फीचे पैसे गावी पाठवले होते.

मी ग्रुपवर लिहिलं, "सॉरी, रूमवर पाहुणे आलेत."

पाहुणे कुणीही आलेले नव्हते. रूमवर मी होते आणि मेसचा डबा होता.

सोमवारी कळलं की त्या जेवणात मॅनेजरनी नव्या प्रोजेक्टविषयी सांगितलं होतं. दोन माणसं हवी होती. बुधवारपर्यंत दोन्ही नावं ठरलीसुद्धा. कुणी कट केला नव्हता. माझी जात काढून मला कुणी वगळलं, असंही झालं नव्हतं. ज्यांना आधी कळलं त्यांनी आधी विचारलं, इतकंच. मी नंतर विचारायला गेले तेव्हा मॅनेजर सहज म्हणाले, "अगं, तू हल्ली कुठे दिसतच नाहीस."

हे मी लिहिते आहे ते या ‘दिसत नाहीस’बद्दल.

महागाईवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. टोमॅटो शंभरीपार गेला की बातमी येते, तूरडाळ चढली की अग्रलेख येतो. पण महिन्याच्या शेवटी माणूस प्रत्यक्षात काय कापतो, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्यासारख्यांच्या, म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधरांच्या बाबतीत मी माझ्यापुरतं आणि माझ्या मैत्रिणींपुरतं पाहिलं आहे. आपण डाळ कापत नाही. आपण माणसं कापतो. आधी हॉटेल जातं, मग सिनेमा, मग मैत्रिणीचं लग्न, मग रविवारी कुणाकडे जाणं. शेवटी टपरीवरचा चहाही जातो, कारण चहा एकाचा नसतो. चार जण असले की कधीतरी आपणही चौघांचे पैसे द्यावे लागतात.

आणि कापण्यासाठी हीच गोष्ट का सापडते? कारण बाकी काही कापताच येत नाही. कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं मालक सोडत नाही. मेसवाल्या काकू दर सहा महिन्यांनी दर वाढवतात आणि त्यांचंही चुकत नाही. त्यांनाही गॅस आणि तेल विकतच घ्यावं लागतं. २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंद पीठ-तांदळावरही ५ टक्के जीएसटी लागला. प्रवास तर दोन्हीकडून महागला. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे गावी जाणं महागलं. मे २०२५ मध्ये मुंबईत बेस्टचं किमान तिकीट ५ रुपयांचं १० झालं आणि जूनपासून पुण्यात पीएमपीनेही किमान तिकीट १० रुपयांवर नेलं, म्हणजे शहरात कुणाला भेटायला जाणंही महागलं. या सगळ्यांच्या आधी एक खर्च असतो, जो कुठल्याही बजेटच्या ॲपमध्ये दिसत नाही: घरी पाठवायचे पैसे. आपल्या पगारावर दोन चुली पेटतात. एक शहरातली, एक गावातली. गावातली चूल आधी, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचा आणि माझा पगार सारखाच आहे. तिचे आजोबा बँकेतून निवृत्त झाले. कोथरूडमधला फ्लॅट वडिलांनी घेतला तेव्हा ती शाळेत होती. तिचा पगार तिच्या खिशात जातो. माझा पगार खोली, मेस, भावाची फी, आईच्या गुडघ्यांची औषधं आणि वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जात जातो. पगाराची स्लिप सारखी असली म्हणून पगार सारखा होत नाही. तीन पिढ्यांनी साठवलेलं आणि तीन पिढ्यांचं थकलेलं, दोन्ही त्या स्लिपवर छापलेलं नसतं.

हा फक्त माझा अनुभव नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागातला माणशी महिन्याचा सरासरी खर्च दिला आहे. अनुसूचित जातींचा ५,३०७ रुपये. एससी, एसटी, ओबीसी वगळून उरलेल्या ‘इतर’ गटाचा ७,३३३ रुपये. फरक २,०२६ रुपयांचा. खेड्यात तेच आकडे ३,४७४ आणि ४,३९२ आहेत. शहरी घरांच्या सरासरी खर्चातला ३९ टक्के वाटा खाण्यावर जातो. कमी पैशांच्या घरात पोटाचा वाटा आणखी मोठा असतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. महागाई सगळ्यांना सारखी असते असं जे म्हणतात, त्यांनी हे दोन हजार सव्वीस रुपये डोळ्यांसमोर ठेवावेत. भाव सगळ्यांना सारखाच असतो. पण भाव वाढला की कुणाची चैन जाते आणि कुणाची ओळखपाळख जाते, हे सारखं नसतं.

आता कुणी विचारेल, हॉटेलात नाही गेलं तर बिघडलं काय? घरी जेवा, पैसे वाचवा. हा सल्ला देणाऱ्याला त्या टेबलावर काय वाढलं जातं ते माहीत नाही, किंवा चांगलंच माहीत आहे. तिथे बिर्याणीबरोबर बातम्या वाढल्या जातात. कुठल्या कंपनीत जागा निघणार आहे, कुठला साहेब बदलतो आहे, कुणाला आपलं नाव सुचवायचं, पगार किती मागायचा, परदेशातल्या शिष्यवृत्तीचा अर्ज कसा लिहायचा. सवर्ण घरातल्या मुलाला यातलं अर्धं त्याच्या मामाने सांगितलेलं असतं. आपल्या मामाला ते माहीत असण्याचं कारणच नाही; तो वीटभट्टीवर होता. म्हणजे ज्यांना हे घरात फुकट मिळतं तेच बाहेरही पैसे देऊन घेऊ शकतात, आणि ज्यांना घरात मिळालं नाही त्यांच्याच खिशाला बाहेरचं परवडत नाही.

ओळखीशिवाय आपल्या अर्जाचं काय होतं, तेही अभ्यासकांनी मोजून ठेवलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांशच होती. त्याच काळात अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांमधून बाहेर पडणाऱ्या मुलांचा माग ठेवला, तेव्हा दिसलं की मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ विचारली जाते आणि त्या प्रश्नापाशी आपली मुलं अडतात. आणि वर कोण बसलं आहे? देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची जातवार मोजणी २०१२ मध्ये छापून आली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे, एससी आणि एसटी मिळून साडेतीन टक्के. कागदावरचं आडनाव जिथे आपल्या विरोधात जातं, तिथे समोरासमोरची ओळख हाच एक रस्ता उरतो. महागाई त्या रस्त्यावर टोलनाका बसवते.

इथे हमखास एक आक्षेप येतो. "हा गरिबीचा प्रश्न आहे, यात जात कशाला? गरीब ब्राह्मणालाही महागाईचा चटका बसतोच की."

बसतो. पण गरीब ब्राह्मण मुलगा शिकायला शहरात आला तेव्हा तो कसा जगला, हे मराठी आत्मचरित्रांत पानोपानी लिहिलेलं आहे. तो वार लावून जेवला. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, सात दिवसांना सात घरं. ज्याला वार मिळाले नाहीत त्याने माधुकरी मागितली. या कष्टांची चेष्टा मला करायची नाही. पण ही सात घरं कशाच्या बळावर उघडली, ते विचारलं पाहिजे. त्या मुलाकडे पैसे नव्हते, जात होती. जेवणाबरोबर त्याला सात घरांची ओळख मिळाली. त्यातलं एखादं घर वकिलाचं, एखादं मामलेदाराचं. आपल्या पणजोबांना पुण्यात कुठल्या वाड्याने वार दिला असता? पैसे मोजायची तयारी असती तरी खाणावळीने पंगतीत बसवलं नसतं.

म्हणून तर आपल्या माणसांना ही सोय मुळापासून उभी करावी लागली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृह काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. त्याच वर्षी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या सुरुवातीला सभेने सोलापुरात वसतिगृह उघडलं. पोरांना फक्त छप्पर मिळावं म्हणून हे केलं, असं समजणं चूक आहे. एकत्र राहिलेली, एका पंगतीला जेवलेली पोरं पुढे एकमेकांना उभं करतात, हे या माणसांनी ओळखलं होतं. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला बळ दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला. छत्रपतींना चहाची तहान लागली होती म्हणून नव्हे. चहा कोण कुणाबरोबर पितो, यावर समाज ठरतो, म्हणून.

शंभर वर्षांनी आपण हॉटेलात बसू शकतो. कायद्याने आपल्याला कुणी उठवू शकत नाही. पण आता दारावर माणूस उभा नाही, दरपत्रक आहे. ज्या टेबलाजवळ जायला आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या लढा दिला, त्या टेबलावरून आपण स्वतःच्या पायांनी उठतो आहोत आणि वर ‘पाहुणे आलेत’ असं खोटं सांगतो आहोत. बहिष्कार घालणाऱ्याला आता काही करावंच लागत नाही.

दुसरा आक्षेप उपदेशाच्या सुरात येतो. तुमची पोरं महागडे मोबाईल घेतात, जयंतीला वर्गणी काढतात, मग पैसे कुठून राहणार? पहिली गोष्ट, ज्या मोबाईलवर आपण अर्ज भरतो, क्लास ऐकतो आणि घरी पैसे पाठवतो, तो चैनीत मोजायचा असेल तर पेनही चैनीतच मोजा. दुसरी गोष्ट, जयंती. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत कुणालाही टीटीएमएम लागत नाही. जेवण सगळ्यांना असतं. त्या दिवशी नोकरीला लागलेला आणि नोकरी शोधणारा एका ओळीत बसतात. वर्षातून एकदाच का होईना, आपला फुकटचा क्लब त्या दिवशी भरतो. ज्यांचे क्लब बारा महिने चालतात, त्यांनी आपल्या एका दिवसाचा हिशेब मागू नये.

पण आपण आपल्यालाही हिशेब मागितला पाहिजे. जयंतीची वर्गणी लाख-लाखाच्या साउंडवर जाते आणि त्याच वस्तीतल्या अभ्यासिकेचा पंखा बंद असतो, हे मी पाहिलं आहे. आणि आपण शिकलेले काय करतो? गेल्या वर्षी आपल्याच चळवळीतल्या काही मित्रांनी एक चर्चा ठेवली, विषय होता शिक्षणातली विषमता. जागा एक कॅफे. प्रत्येकाने निदान एक ऑर्डर द्यायची, अशी कॅफेची अट. माझ्याबरोबर आलेली बी.ए.ची मुलगी दोनशे ऐंशी रुपयांची कॉफी पाहून ‘मला भूक नाही’ म्हणाली आणि अर्ध्या तासात निघून गेली. तिला कुणीही जा म्हटलं नव्हतं. विषमतेवर दोन तास बोलणाऱ्या आम्हा बाराजणांच्या ते लक्षातही आलं नाही. मलाही ते रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. त्या शुक्रवारी माझ्यावर जे झालं, तेच मी तिच्यावर केलं होतं.

सरकारचा हिशेब तर याहून वाईट आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख झाली. २०२१ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना आल्या, तेव्हाही ती अडीच लाखच ठेवली गेली. म्हणजे महिन्याला २१ हजारही नाहीत. दोन मजूर नवरा-बायको रोज कामावर गेले तर या मर्यादेच्या बाहेर पडू शकतात. आणि २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांचं आरक्षण आणलं, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा किती धरली? आठ लाख. एक अट शिष्यवृत्तीची आहे आणि दुसरी आरक्षणाची, हे मला कळतं. पण गरीब कुणाला म्हणायचं, याच्या दोन फूटपट्ट्या एकाच सरकारच्या खिशात आहेत, एवढं तरी दिसतं ना?

महाराष्ट्रातली स्वाधार योजना घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ मध्ये ती आली आणि तिचा अनेकांना आधार झाला, हे नाकारायचं कारण नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार ठरले: जेवणाला ३२ हजार, राहायला २० हजार, निर्वाहाला ८ हजार. भागाकार करा. जेवणाला दिवसाचे ८८ रुपयेही पडत नाहीत. राहायला महिन्याचे १,६६७. त्या रकमेत पुण्यात तेव्हाही कॉट मिळवताना दमछाक होत होती. आणि ही रक्कम हातात कधी पडते, हे ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. या हिशेबात चहाचा कप कुठे बसतो? पुस्तकाच्या प्रदर्शनाला जायचं बसभाडं कुठे बसतं? आपला विद्यार्थी जेवतो आणि झोपतो, एवढंच शासनाने धरलं आहे. तो कुणाला भेटतो, हे धरलेलंच नाही.

आणि कुठे थोडं हलकं केलं की लगेच ‘रेवडी’ची ओरड होते. दिल्लीत २०१९ च्या ऑक्टोबरपासून, कर्नाटकात आणि तेलंगणात २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. ‘बायका उगाच फिरतात’ अशी टीका झाली. उगाच फिरणं म्हणजे काय? आईला भेटणं, बहिणीकडे जाणं, दुसऱ्या गावच्या बाईला विचारून काम शोधणं. गाडीत बसून कामाशिवाय फिरायचा हक्क ज्यांना जन्मापासून आहे, त्यांना आमचं फिरणं उगाच वाटतं.

मग करायचं काय? शासनाकडे मागायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम आणि उत्पन्नाची मर्यादा, दोन्ही दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढली पाहिजेत. सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो आणि त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. मग विद्यार्थ्याची महागाई वेगळी असते का? वसतिगृहातल्या जागा वाढल्या पाहिजेत. वस्तीतली समाजमंदिरं, वाचनालयं आणि अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या राहिल्या पाहिजेत. दिवे चालू, संडास स्वच्छ, मुलींना बसता येईल अशा. ऑर्डर न देता चार माणसांना बसता येईल अशी जागा शहरात उरली नाही, तर जात पुन्हा घराघरात जाऊन बसेल.

काही गोष्टी मात्र आपल्याच हातात आहेत. आपल्या बैठका कॅफेतून बाहेर काढा. विहारात, बागेत, कुणाच्या तरी खोलीवर घ्या. टीटीएमएम आपल्यात बंद करा. जो कमावतो त्याने चहा द्यायचा आणि ज्याला अजून नोकरी नाही त्याने अवघडायचं नाही. उद्या तो कमावेल तेव्हा तिसऱ्याला देईल. नोकरीची, फेलोशिपची, प्रवेशाची बातमी कळली की त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. ती जेवणाच्या टेबलासाठी राखून ठेवायची सवय त्यांची आहे, ती आपण उचलू नये. आणि ऑफिसात जो कुणी वरच्या खुर्चीवर पोचला आहे त्याने एवढं जरूर बघावं, की कामाची बातमी कामाच्या वेळेत, मेलवर, सगळ्यांना मिळते की नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते. खोटं बोलणं थांबवा. ‘डोकं दुखतंय’, ‘पाहुणे आलेत’, ‘मला भूक नाही’ ही आपली ठरलेली वाक्यं आहेत. आपण एकमेकांशीही हीच वाक्यं बोलतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की पैसे फक्त आपल्याचकडे नाहीत. गरिबीची लाज हा आपल्याला दिलेला वारसा आहे, आपण तो मागितला नव्हता.

मागच्या महिन्यात ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला. या वेळी मी लिहिलं, "मला हे हॉटेल परवडत नाही. कॅन्टीनमध्ये पाच वाजता चहा घेऊया का?" दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. ती दहा मिनिटं फार लांब होती. मग पलीकडच्या टीममधल्या एका मुलाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "ताई, मलाही परवडत नाही. मी येतो चहाला."

तो दीड वर्षापासून त्याच मजल्यावर बसतो. सोलापूर जिल्ह्यातला आहे, वडील सफाई कामगार. तोपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. दोघांच्याही रूमवर कायम पाहुणेच आलेले असायचे.

जयभीम.